शारजातून हिशोब पूर्ण घेऊन आलो, तो कसा

गेल्या वर्षी शारजाची नोकरी संपवून कळव्याला कायमचा परत आलो. तेव्हापासून आमच्या इथली, दिव्यातली, मुंब्र्यातली जी पोरं गल्फला जायच्या तयारीत आहेत ती येऊन एकच विचारतात, दादा, कंपनीने शेवटचे पैसे खरंच दिले का? हो, दिले. थकलेला पगार दिला, ग्रॅच्युइटी दिली, नोटीसचा महिना दिला. पण आपणहून नाही दिले, यूएईच्या कामगार मिनिस्ट्रीत तक्रार करून घ्यावे लागले, आणि त्या तक्रारीला मला एक रुपया लागला नाही, वकील लागला नाही, कोणाची ओळख लागली नाही. प्रत्येकाला स्टेशनबाहेर उभं राहून सांगताना अर्धं राहून जातं म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय.

माझं थोडक्यात सांगतो. आयटीआय केलं रेफ्रिजरेशन आणि एसीचं, मग रबाळे एमआयडीसीत चिलरच्या मेंटेनन्सवर काही वर्षं काढली, रूमचा हप्ता सुरू झाला, पोरगी शाळेत जायला लागली आणि २०१९ ला शारजाला गेलो. पहिला जो एजंट भेटला त्याने पाऊण लाख मागितले. आपल्या सरकारचा नियम आहे की नोंदणी असलेला एजंट जास्तीत जास्त ३० हजार आणि त्यावर १८ टक्के जीएसटी एवढंच घेऊ शकतो, पावती देऊन, आणि सरकारच्याच ई-मायग्रेट साइटवर बघितलं की एजंट नोंदणीकृत आहे की नाही ते कळतं. याचं नाव तिथे नव्हतंच, त्यामुळे सोडला आणि दुसऱ्याकडून गेलो. तिकडच्या कायद्यात तर भरतीचा खर्च कामगाराकडून घ्यायचाच नाही असं स्पष्ट आहे, तो मालकाने भरायचा. आपली माणसं दागिने गहाण ठेवून पैसे देतात आणि पहिलं दीड वर्ष तेच फेडत बसतात, हे बघून मला अजून राग येतो.

आता मुद्द्याचं. माझं ऑफर लेटर ३००० दिरहमचं होतं. घरी सगळ्यांना ३००० एवढाच आकडा माहिती. पण त्या कागदावर खाली फोड असते, माझी होती बेसिक १४०० आणि बाकीचे अलाउन्स १६००. ही फोड म्हणजे तुमचा सगळा शेवटचा हिशोब आहे. कारण ग्रॅच्युइटी बेसिकवर निघते, न वापरलेल्या रजेचे पैसे बेसिकवर निघतात, ओव्हरटाइमही बेसिक धरूनच निघतो, साधा असेल तर २५ टक्के जास्त आणि रात्री १० ते पहाटे ४ मधला असेल तर ५० टक्के जास्त. ग्रॅच्युइटीचा नियम असा की एक वर्ष सलग नोकरी झाली की हक्क सुरू, पहिल्या पाच वर्षांना दर वर्षी २१ दिवसांचा बेसिक आणि पाचच्या पुढे दर वर्षी ३० दिवसांचा. माझी सहा वर्षं झाली होती, म्हणजे पाच वर्षांचे १०५ दिवस आणि सहाव्याचे ३०, एकूण १३५ दिवस. १४०० ला ३० ने भागून १३५ ने गुणलं की बरोबर ६३०० दिरहम येतात. हेच जर ३००० वर असतं तर साडेतेरा हजार झाले असते. म्हणून ऑफर लेटर हातात आलं की एकूण आकडा नंतर बघा, आधी बेसिक बघा, आणि त्यावर बोलायचं असेल तर विमानात बसायच्या आधी बोला.

अजून एक गोष्ट फार कमी जणांना माहिती असते. बेसिक शेवटचा धरतात. म्हणजे सहा वर्षं १४०० असला आणि शेवटच्या महिन्यात कंपनीने १००० करून घेतला तर मागच्या सगळ्या वर्षांची ग्रॅच्युइटी १००० वर निघायला लागते. हे मी उगाच म्हणत नाही. तिकडे नवीन लेबर कायदा आला, २०२१ चा ३३ नंबरचा, तो २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू झाला आणि त्यात जुनी मुदत नसलेली कॉन्ट्रॅक्ट बंद झाली, सगळ्यांना मुदतीची कॉन्ट्रॅक्ट करून घ्या म्हणून कंपन्यांना २०२३ च्या शेवटपर्यंत वेळ दिलेला. तेव्हा आमच्या कंपनीने कामगारांच्या राहायच्या कॅम्पमध्ये टेबल टाकून सगळ्यांच्या सह्या घ्यायला सुरुवात केली. रात्री ड्युटीवरून आलेली माणसं, आंघोळ नाही जेवण नाही, लाइनीत उभी, आणि सांगत होते की काही नाही, सेम कॉन्ट्रॅक्ट आहे, फक्त फॉर्म बदललाय. मी माझा कागद बाजूला घेऊन वाचला. एकूण ३०००च होते. पण बेसिकच्या पुढे १००० लिहिलेलं आणि अलाउन्स २०००. मी फोरमनला म्हटलं, आकडा जुना टाकून आणा, लगेच सही करतो. चार दिवस माझ्याशी नीट बोलत नव्हते, मग १४०० टाकून आणला. माझ्या मागे लाइनीत असलेल्या आठ-दहा जणांनी पण तसंच बदलून घेतलं. बाकीच्यांच्या सह्या आधीच झाल्या होत्या.

पुढची दोन वर्षं तशी बरी गेली. काम कष्टाचं, गच्चीवरचे युनिट, उन्हाळ्यात हात लावला तर पत्रा भाजतो. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम बंद ठेवायचा नियम आहे तिकडे, तो आमच्या साइटवर पाळायचे, खोटं कशाला बोलू. २०२५ ला कंपनीच्या हातातलं मेंटेनन्सचं मोठं काम गेलं आणि पगार लांबायला लागला. आधी दहा दिवस, मग वीस, मग महिनाच. तिकडे पगार डब्ल्यूपीएस नावाच्या सिस्टीममधून बँकेत जातो, त्यामुळे कोणाचा पगार कधी गेला आणि कधी नाही हे मिनिस्ट्रीला आपोआप दिसत असतं. रोख हातात देतो म्हणणारा मालक असेल तर तिथेच सावध व्हा, उद्या तुम्ही सिद्ध काय करणार.

तीन महिने झाले पगार नाही. घरी मी खरं सांगितलं. बायकोने शांतपणे विचारलं, अहो, मग आता तिकडे तुम्ही करताय काय? तिने हप्त्यासाठी तिच्या भावाकडून उसने घेतले, एक शब्द जास्त बोलली नाही. कॅम्पमध्ये मात्र रोज भांडणं. काही जण म्हणाले उद्यापासून काम बंद, कोणी जायचंच नाही. मी आणि सिंधुदुर्गातला एक इलेक्ट्रिशियन, आम्ही दोघांनी सगळ्यांना हात जोडून सांगितलं की असं करू नका. कारण सलग सात दिवसांपेक्षा जास्त न कळवता गैरहजर राहिलात की कंपनी पळून गेला म्हणून रिपोर्ट टाकू शकते, ॲब्स्कॉन्डिंग म्हणतात त्याला, आणि एकदा तो डाग लागला की पैसे राहिले बाजूला, आधी तो पुसत बसा. म्हणून पगार नसतानाही आम्ही रोज बसमध्ये बसायचो, साइटवर हजेरी पंच करायचो, आणि पंच केल्याचा फोटो काढून ठेवायचो. कोणाला हे मूर्खपणाचं वाटेल पण पुढे त्या फोटोंनीच कंपनीच्या पीआरओचं, म्हणजे व्हिसाची कागदपत्रं बघणाऱ्या माणसाचं, तोंड बंद केलं.

मग एक दिवस ऑफिसात बोलावणं आलं. पीआरओ चांगला गोड बोलणारा माणूस. चहा मागवला. म्हणाला, काम नाहीये, तुझा व्हिसा कॅन्सल करतोय, तिकीट देतोय, पुढच्या आठवड्यात घरी जा. पैशाचं काय विचारलं तर म्हणाला, "तुम साइन करो, पैसा अकाउंट में आ जाएगा, पंद्रह दिन में." आणि कागद पुढे सरकवला. अर्धा अरबी अर्धा इंग्लिश. मी इंग्लिशची बाजू एकेक ओळ बोटाने वाचत गेलो. शेवटून तिसऱ्या ओळीत लिहिलेलं की मला कंपनीकडून माझं सगळं येणं मिळालं आहे आणि माझी काही मागणी उरलेली नाही. त्याच्या खाली सहीची जागा, शेजारी अंगठ्याचा चौकोन, आणि शाईचं पॅड उघडून ठेवलेलं. मी म्हटलं, साहेब, पैसे अकाउंटला दिसू दे, त्याच मिनिटाला सही करतो. तो हसला. मग हसणं बंद झालं. सही नाही केलीस तर ॲब्स्कॉन्डिंग टाकेन म्हणाला. मी मोबाइल काढून पंचचे फोटो दाखवले, आजच्या सकाळपर्यंतचे. चहा तसाच राहिला आणि मी उठून आलो.

हा कागद म्हणजे सगळ्या गोष्टीचा गाभा आहे. कायदा सांगतो की नोकरी संपल्यापासून १४ दिवसांत सगळा हिशोब द्यायचा. कंपनीची युक्ती ही की आधी सही घ्या, माणूस विमानात बसवा, मग फोन उचलू नका. माझ्या खोलीतला एक तेलुगू मुलगा, माझ्यापेक्षा चांगला कारागीर, त्याची आई आजारी होती म्हणून सही करून निघून गेला. त्याला आजपर्यंत एक दिरहम आलेला नाही. त्याला कोणी दोष देऊ नका, आई आजारी असताना माणूस काय करणार. पण असं कोणावर येऊ नये म्हणूनच सांगतोय.

त्याच रात्री मी तक्रार टाकली. मिनिस्ट्रीचं ॲप आहे, मोहरे म्हणतात सगळे, एमिरेट्स आयडी आणि यूएई पासने, म्हणजे तिकडच्या सरकारी डिजिटल ओळखीने, लॉगिन होतं. आत तुमचं स्वतःचं कॉन्ट्रॅक्ट दिसतं, मिनिस्ट्रीत नोंदलेलं, तेच खरं, कंपनीच्या ड्रॉवरमधलं नाही. ॲप जमत नसेल तर ८००८४ वर फोन करता येतो, हिंदी बोलणारं माणूस मिळतं. मी चार गोष्टींचे पैसे मागितले. तीन महिन्यांचा पगार ९०००, ग्रॅच्युइटी ६३००, नोटीस न देता काढलं म्हणून एका महिन्याचा पगार ३०००, आणि राहिलेल्या रजेचे १४००. शिवाय परतीचं तिकीट. एवढं लिहायला मला दोन तास लागले कारण प्रत्येक आकड्याच्या पुढे तो कसा आला हे मी लिहिलं. नुसतं माझे पैसे द्या म्हणून लिहू नका. समोरचा अधिकारी दिवसाला किती तक्रारी बघत असेल, त्याला आकडा आणि कागद एकत्र दिसला पाहिजे.

तक्रार टाकली की १४ दिवसांच्या आत समझोत्याचा प्रयत्न होतो. मला वाटलेलं ऑफिसात बोलावतील, पण बरंचसं फोनवरच झालं. बाई होत्या कायदा सल्लागार, इंग्लिश-हिंदी मिसळून बोलायच्या, दोन्ही बाजू ऐकून घ्यायच्या. कंपनीने आधी सांगितलं १०,००० घे आणि विषय संपव, ते पण पाच हप्त्यांत. मी नाही म्हटलं. हप्ता घ्यायला व्हिसा लागतो, व्हिसा कंपनीच्या हातात, मग मी तिथे पाच महिने कुठल्या पैशावर राहणार.

मग त्यांनी नवीनच काढलं. २०२० च्या कोविडमधले चार महिने मी बिनपगारी रजेवर होतो, म्हणून ते नोकरीत धरायचे नाहीत. बिनपगारी रजा नोकरीच्या काळात धरत नाहीत हे खरं आहे. पण मी रजेवर नव्हतोच! त्या चार महिन्यांत आम्हाला अर्धा पगार दिलेला आणि आम्ही बिल्डिंगांमध्ये इमर्जन्सी ड्युटी केलेली. आता पाच वर्षांपूर्वीचा पुरावा कुठून आणायचा? बँकेच्या ॲपमध्ये एवढं मागचं दिसत नव्हतं. बायकोला फोन केला. मी गेल्यापासून दर महिन्याची पगाराची स्लिप तिला फोटो काढून पाठवायचो, तिने ते सगळे कळवा नाक्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून प्रिंट काढून एका फाइलीत लावून ठेवलेले, रूमच्या लोनचे कागद असतात तसे, वर्षाप्रमाणे. अर्ध्या तासात एप्रिल, मे, जून, जुलै २०२० च्या स्लिपा माझ्या मोबाइलवर. प्रत्येकीवर पगार १५००, हजेरीचे दिवस भरलेले, कंपनीचा शिक्का. त्या मी अपलोड केल्या. बाईंनी कंपनीला विचारलं, बिनपगारी रजेचा कामगाराने सही केलेला कागद दाखवा. त्यांच्याकडे नव्हता, असणार कुठून. तो मुद्दा तिथेच मिटला.

दरम्यान बायकोने इकडून मदद पोर्टलवर पण तक्रार टाकली होती, परराष्ट्र खात्याचं पोर्टल आहे, घरचं माणूस भारतातून टाकू शकतं. आणि मी दुबईच्या कॉन्सुलेटच्या प्रवासी भारतीय सहाय्यता केंद्राला फोन केला, ८००४६३४२, टोल फ्री आहे आणि चोवीस तास चालू. त्यांनी पैसे मिळवून दिले असं नाही म्हणणार मी, तो त्यांचा अधिकार नाही, पण माझी मागणी बरोबर आहे का हे कायदा जाणणाऱ्या माणसाने तपासून सांगितलं, आणि एकट्या पडलेल्या माणसाला ते फार असतं.

समझोता झाला नाही. पूर्वी अशा वेळी सरळ कोर्टात पाठवायचे आणि तिथेच बरेच जण सोडून द्यायचे. पण २०२४ च्या जानेवारीपासून ५०,००० दिरहमपर्यंतच्या वादात मिनिस्ट्री स्वतः निर्णय देऊ शकते, आणि तो निर्णय कोर्टाच्या हुकमासारखा वसूल करता येतो. कोणाला मान्य नसेल तर १५ कामकाजाच्या दिवसांत कोर्टात जायचं. माझा आकडा त्याच्या कितीतरी खाली. निर्णय आला तो असा, पगार पूर्ण, ग्रॅच्युइटी पूर्ण, नोटीसचा महिना पूर्ण, रजेचं कंपनीने रजिस्टर दाखवलं त्याप्रमाणे १८ दिवस धरले म्हणजे ८४० दिरहम, आणि तिकीट कंपनीचं. एकूण १९,१४०. आपले साडेचार लाखांच्या आसपास. कंपनी कोर्टात गेली नाही. मुदत संपायच्या आत पैसे अकाउंटला आले. मी आधी बँकेचा मेसेज बघितला, मग एटीएमवर जाऊन बॅलन्स बघितला, आणि मगच ऑफिसात जाऊन त्या कॅन्सलेशनच्या कागदावर सही केली. तोच पीआरओ होता. यावेळी त्या कागदावरची ओळ खरी होती.

अजून काही गोष्टी ज्या विचारतात म्हणून सांगतो. राजीनामा दिला तर ग्रॅच्युइटी कापतात का, तर जुन्या कायद्यात कापायचे, नवीन कायद्यात तसं नाही. पासपोर्ट कंपनीने ठेवायचा नसतो, व्हिसाच्या कामाला दिला तरी परत मागून घ्या. मी जे सांगितलं ते मिनिस्ट्रीच्या हाताखालच्या कंपन्यांचं आहे, दुबईचं डीआयएफसी आणि अबू धाबीचं एडीजीएम या फायनान्सच्या फ्री झोनचे कायदे वेगळे आहेत, आणि घरकामाला जाणाऱ्या बायकांसाठी, ड्रायव्हर-कुक यांच्यासाठी २०२२ चा ९ नंबरचा वेगळा कायदा आहे. सौदी, कतार, कुवेत यांचं तर सगळंच निराळं, तिथे जाताना माझे आकडे लावत बसू नका.

सध्या आमच्या गल्लीतला एक मुलगा निघालाय, नववी नंतर शाळा सुटलेली, डक्टिंगचं काम हातात चांगलं आहे. दहावी नाही म्हणून त्याचा पासपोर्ट ईसीआर, म्हणजे जाण्याआधी ई-मायग्रेटवरून सरकारी मंजुरी लागते, त्याचं कॉन्ट्रॅक्ट तिथे चढवावं लागतं आणि प्रवासी भारतीय विमा योजनेचा दहा लाखांचा विमा काढावा लागतो, दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये. लोक याला कटकट म्हणतात. मला विचाराल तर दहावी झालेल्यांनी पण तो विमा मुद्दाम काढावा.

त्याची आई ऑफर लेटर घेऊन आली आमच्याकडे, म्हणाली, भाऊ, एकदा बघा, १८०० म्हणतायत. बघितलं तर बेसिक ६००. मी तिच्यासमोर वहीत हिशोब मांडला, ६०० वर पाच वर्षांनी ग्रॅच्युइटी किती आणि १००० वर किती, २१०० आणि ३५००. आणि मुलाला बसवून एजंटला फोन लावायला लावला. मी नाही बोललो, त्यालाच बोलायला लावलं, कारण तिकडे त्याच्या शेजारी मी असणार नाही. पहिल्यांदा अडखळला, एजंट म्हणाला सगळ्यांचं हेच असतं, हा म्हणाला, मग मला दुसरी कंपनी बघा. दोन दिवसांनी एजंटचा फोन आला, ९०० वर आणलंय. एकूण तेवढेच, १८००. नवीन कागद आलाय, मी वाचलाय, आता ई-मायग्रेटवर चढवलाय आणि मंजुरीची वाट बघतायत. स्लिपांची फाइल त्याच्या आईने आत्ताच आणून ठेवली आहे, आमच्या घरची फाइल बघून गेली होती ती.